रक्तदाबाचे दोन आकडे वाचावे कसे?

पन्नाशी ओलांडलेला, प्रकृतीने धडधाकट आणि दवाखान्याची पायरी सहसा न चढणारा एखादा गृहस्थ सकाळी आपल्या वसाहतीत भरलेल्या आरोग्य शिबिरात रांगेला उभा राहतो आणि तेथील परिचारिका त्याच्या चिठ्ठीवर १५२/९४ असा आकडा लिहून देते; मनात धास्ती घेऊन तो दुपारी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा तेथे १३८/८६ अशी नोंद होते; आणि रात्री मुलाने आणलेल्या यंत्राचा पट्टा घरीच दंडाला गुंडाळून पाहावे, तर आकडा १२६/८० वर उतरलेला असतो. एकाच दिवशी, एकाच देहाविषयी, तीन ठिकाणी तीन निराळे निकाल मिळाल्यावर त्याने विश्वास कोणावर ठेवावा? घरातील वडील मंडळी ‘वय अधिक शंभर’ हा जुना हिशेब सांगून त्याची समजूत घालतात, तर १२०/८० च्या वर गेला तो रोगी, असे शेजारी छातीठोकपणे बजावतात. वस्तुतः ते तीनही आकडे आपापल्या क्षणापुरते खरे असण्याचा पुष्कळ संभव आहे. चुकीच्या आहेत त्या या दोन समजुती. याचा उलगडा होण्यासाठी हा दाब कशाचा, तो मोजतात कसा आणि निरोगी व रोगी यांच्यामधील सीमा कोणत्या आधारावर आखली गेली, याचा क्रमाने विचार केला पाहिजे.

काचेच्या नळीत चढलेले रक्त

वाहिन्यांतून वाहणारे रक्त त्यांच्या भिंतींवर सतत जोर देत असते. हा जोर म्हणजेच रक्तदाब. तो प्रत्यक्ष मोजण्याचा पहिला प्रयोग स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने केला आणि १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एका घोडीला आडवी बांधून त्याने तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची बारीक नळी बसविली, तिला काचेची लांब नळी उभी जोडली, आणि धमनीवरील बंध सोडताच रक्त त्या काचेत चढत चढत ८ फूट ३ इंचांपर्यंत गेले. तेथेही ते स्थिर न राहता हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी खालीवर होत राहिले. या हेलकाव्यातच आजच्या दोन आकड्यांचे बीज आहे. शिवाय ती घोडी जखडलेली व भेदरलेली होती, म्हणजे रक्तदाबाची ही पहिलीवहिली नोंदच एका घाबरलेल्या जीवाची आहे. भीतीने दाब चढतो ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार असल्यामुळे वाचकांनी ती येथेच ध्यानात ठेवावी.

माणसाचा दाब अशा रीतीने पाण्याच्या नळीत मोजायचा म्हटल्यास माणसाएवढ्या उंचीची नळी बाळगावी लागेल. पारा पाण्याहून १३.६ पट जड असल्यामुळे तेवढाच दाब पाऱ्याला फार थोडा उचलतो, म्हणून १८२८ साली प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाऱ्याची नळी वापरात आणली. तेव्हापासून रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याचा शिरस्ता पडला. १२० चा दाब याचा अर्थ पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंचीचा स्तंभ, अथवा पाण्याचा सुमारे १६३ सेंटिमीटरांचा स्तंभ, पेलून धरणारा दाब. पाऱ्याची यंत्रे विषारीपणाच्या कारणास्तव आता मागे पडत चालली आहेत. परिमाण मात्र तेच राहिले आहे.

आकडे दोनच का?

हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत लोटते आणि दिवसाकाठी असे सुमारे एक लाख ठोके पडतात. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात हृदय रक्त लोटत नसते, स्वतः भरून घेत असते. तरीही तेवढ्या अवधीत बोटांच्या टोकांपर्यंतचा प्रवाह तुटत नाही. हे कसे होते, ते पेटी वाजविणाऱ्याला चटकन कळेल. पेटीचा भाता थांबून थांबून मारला तरी सूर अखंड राहतो, कारण बाहेरच्या भात्याने लोटलेली हवा पेटीच्या पोटातील दुसऱ्या भात्यात साठते आणि त्याच्या स्प्रिंगा ती हवा सुरांकडे संथपणे ढकलीत राहतात. महाधमनीची लवचीक भिंत हेच काम करते. हृदय आकुंचन पावून रक्त लोटते तेव्हा ती ताणली जाते आणि दाब शिखरास पोहोचतो. हा वरचा आकडा, म्हणजे आकुंचन दाब. हृदय सैल पडल्यावर ती ताणलेली भिंत पूर्ववत होता होता साठलेले रक्त पुढे सारते, आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी दाब जेथवर उतरतो तो खालचा आकडा, म्हणजे प्रसरण दाब.

पेटीवर एकाच वेळी पुष्कळ पट्ट्या दाबल्या तर आतला भाता लवकर रिकामा होतो, एखादीच दाबली तर बराच वेळ भरलेला राहतो. त्याचप्रमाणे धमन्यांच्या शेवटी असलेल्या सूक्ष्म धमनिका विस्फारल्या की दाब उतरतो आणि त्या आखडल्या की, विशेषतः खालचा आकडा, चढाच राहतो. या धमनिकांवर मज्जातंतूंचा अंमल चालतो, तसाच मूत्रपिंडांच्या प्रेरणेने रक्तात उतरणाऱ्या द्रव्यांचाही चालतो. आणि शरीरात मीठ व पाणी किती साठून राहावे याचा जमाखर्च मूत्रपिंडांकडेच असल्यामुळे रक्तदाबाचा दीर्घ मुदतीचा कारभार बव्हंशी त्यांच्या हाती असतो. मिठाचा रक्तदाबाशी जो संबंध सांगतात, तो येथून येतो.

वय वाढले की महाधमनीची भिंत ताठर होते. आतल्या भात्याच्या घड्या कडक झाल्यावर जे होईल तेच येथे होते: लोटलेल्या रक्ताचा धक्का सामावून घेतला जात नाही म्हणून वरचा आकडा उसळतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये सारण्यासाठी साठा उरत नाही म्हणून खालचा उतरतो. सत्तरीतील अनेकांना १६०/७० असा विजोड वाटणारा आकडा मिळतो, त्याचे कारण हे. ‘खालचा चांगला आहे ना, मग काळजी नको’ असे म्हणून त्याकडे काणाडोळा करण्याची चाल सर्वत्र दिसते. ती घातक आहे, कारण पन्नाशीनंतर धोक्याचा अधिक चांगला अंदाज वरच्या आकड्यानेच येतो.

शांततेतून उमटणारा आवाज

धमनीत नळी न खुपसता दाब मोजण्याची सोयीची युक्ती इटलीतील तुरीन येथे शिपिओने रीवा-रोच्ची यांनी १८९६ साली शोधून काढली. दंडाभोवती हवेने फुगणारा पट्टा आवळायचा, मनगटाची नाडी नाहीशी झाली की पाऱ्याची उंची पाहायची. या पद्धतीने केवळ वरचाच आकडा मिळत असे. खालचा आकडा हाती लागला तो १९०५ साली, सेंट पीटर्झबर्गमधील निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण लष्करी शल्यचिकित्सकाने त्या पट्ट्याच्या खाली, कोपराच्या खळगीत, कान लावण्याची कल्पना काढली तेव्हा.

आज डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जे करतात ते त्याचेच. रबरी फुगा दाबून पट्ट्यातील हवेचा दाब धमनीतील दाबापेक्षा वर नेला की धमनी पुरती चेपली जाते, पलीकडे रक्त जात नाही, आणि कानांत संपूर्ण शांतता असते. मग झडप किंचित सैल करून हवा हळूहळू, सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या बेताने, सोडली जाते. पट्ट्याचा दाब धमनीतील शिखर-दाबाच्या जरासा खाली येताच रक्ताची एक चिळकांडी चेपलेल्या धमनीतून जोराने पलीकडे घुसते आणि कानात पहिला ‘टक्’ असा स्पष्ट आवाज उमटतो. त्या क्षणीचा पारा हा वरचा आकडा. पुढे प्रत्येक ठोक्याला धमनी उघडते आणि मिटते, आवाज येत राहतात, बदलतात, मऊ होतात. आणि पट्ट्याचा दाब इतका उतरला की धमनी मिटेनाशीच झाली, म्हणजे रक्त पूर्वीसारखे संथ वाहू लागते आणि आवाज लोपतो. तो लोपला तेथे खालचा आकडा.

घरगुती स्वयंचलित यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवेत धमनीच्या ठोक्यांनी उठणारे बारीक कंप ते टिपते. हे कंप सर्वांत मोठे होतात तो धमनीतील सरासरी दाब असतो, आणि त्यावरून व कंपांच्या चढउतारावरून उत्पादकाने ठरविलेल्या गणिताने यंत्र दोन्ही आकडे काढून देते. प्रमाणित यंत्राचे हे गणित विश्वसनीय असते. मात्र ज्यांच्या नाडीचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत ते घसरू शकते, म्हणून अशा रुग्णांनी यंत्राच्या आकड्याची डॉक्टरांकडून रुजुवात करून घ्यावी.

तफावत येते कोठून?

रक्तदाब उंचीसारखा ठरलेला नाही. गाढ झोपेत तो दिवसाच्या मानाने सामान्यतः १० ते २० टक्के उतरतो, पहाटे जाग येताना चढतो, जिना चढताना, रागावताना, वेदना होताना वाढतो. मानेतील धमन्यांत दाबाची चाहूल घेणारे मज्जातंतू क्षणोक्षणी मेंदूला खबर देतात आणि मेंदू त्यानुसार ठोक्यांची गती व धमनिकांची रुंदी बदलतो. हे चढउतार निरोगी शरीराचे लक्षण होय.

त्यात भर पडते ती मोजण्यातील हयगयीची. शिबिरातील त्या सकाळीचा विचार करा: गृहस्थ बराच वेळ उभा होता, त्याने नुकताच चहा घेतला होता, पट्टा फुगत असताना तो परिचारिकेशी बोलत होता, बाही वर सारल्यामुळे तिचा दंडाला फास बसला होता, आणि हात टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. यांतील प्रत्येक गोष्ट आकडा बदलते. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला तर केवळ रक्ताच्या वजनानेच आकडा सात-आठ मिलिमीटर जास्त येतो. बोलण्याने आणि तुंबलेल्या लघवीने दहाच्या आसपास फरक पडू शकतो. पायावर पाय टाकून बसल्यानेही तो वाढतो. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तर धमनी चेपण्यास अधिक जोर लागतो आणि आकडा फसवा, चढा येतो; पट्ट्यातील फुगा दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाभोवती पोहोचला पाहिजे.

म्हणून मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम वर्ज्य करावा. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. उघड्या दंडाला पट्टा बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर विसावू द्यावा. आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. प्रथमच तपासणी होत असेल तेव्हा दोन्ही हातांचा दाब पाहावा आणि ज्या हाताचा जास्त भरेल तोच पुढे प्रमाण मानावा. दोन हातांतील फरक वारंवार दहापेक्षा अधिक येत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. गर्दीच्या दवाखान्यात हे सर्व पाळले जात नाही हे मला मान्य आहे. पण ज्या आकड्यावर वर्षानुवर्षांच्या औषधाचा निर्णय व्हायचा, त्यासाठी पाच मिनिटांची स्वस्थता मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याने ती निःसंकोच मागावी.

सीमारेषा आणि चढण

आता मुख्य प्रश्न. निरोगी आकडा कोणता? सन २००२ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे दहा लाख प्रौढांच्या नोंदी एकत्र करून जे विवेचन प्रसिद्ध झाले, त्यात असे आढळले की ११५/७५ पासून पुढे धोका अखंड चढत जातो: चाळीस ते एकूणसत्तर या वयात वरचा आकडा २० ने अथवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो. या चढणीवर कोठेही अशी पायरी नाही की जिच्या अलीकडे पूर्ण सुरक्षितता आणि पलीकडे रोग. १३९ आणि १४१ यांच्यात निसर्गाने काही भेद केलेला नाही. सीमा आखावी लागते ती उपचाराचा निर्णय घेण्यासाठी, कोणत्या टप्प्यापासून औषधाचा लाभ त्याच्या उपद्रवापेक्षा निश्चितपणे जास्त ठरतो, हे तोलून. आणि म्हणूनच देशोदेशींच्या वैद्यक मंडळांत तिच्याविषयी थोडा मतभेद आहे.

*चौकट : प्रौढांसाठी, नीट बसवून मोजलेल्या दाबाची सरासरी*
१२० च्या खाली आणि ८० च्या खाली: निरोगी.
१२० ते १२९, खालचा ८० च्या आत: रोग नव्हे, आहारविहाराकडे लक्ष द्यावे.
१३० ते १३९, अथवा खालचा ८० ते ८९: अमेरिकेत २०१७ पासून हा उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा मानतात; भारतात व युरोपात सावधगिरीचा पट्टा.
१४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक: सर्वत्र उच्च रक्तदाब.
घरी मोजलेल्या दाबाची मर्यादा: १३५/८५. यंत्र अंगावर ठेवून घेतलेल्या चोवीस तासांच्या सरासरीची: १३०/८०.
दोन आकडे दोन गटांत पडले, तर वरचा गट धरावा.

‘वय अधिक शंभर’ या हिशेबाचा उगम असा की शहरी समाजात वयाबरोबर सरासरी रक्तदाब वाढताना दिसत असे, आणि जे सर्रास आढळते ते स्वाभाविकच असले पाहिजे अशी समजूत होती. परंतु ॲमेझॉनच्या अरण्यातील यानोमामी लोक, ज्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नसतेच, त्यांच्यात वयाबरोबर रक्तदाब चढत नाही. तेव्हा वार्धक्याबरोबर येणारी ही वाढ अटळ नाही. या समजुतीची किंमत किती मोठी असू शकते याचा दाखला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या दप्तरात आहे: मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता, दाब कित्येक वर्षांपासून चढत आला होता, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला त्या वेळी तो ३००/१९० च्या घरात गेला होता. त्या काळी मीठ तोडणे आणि विश्रांती यापलीकडे परिणामकारक इलाज वैद्यांपाशी नव्हता, हेही खरे.

इलाजाची वाट उघडण्यात मुंबईचाही वाटा आहे. वैद्यपरंपरेत पूर्वापार परिचित असलेल्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पद्धतशीर तपासला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, तेथून जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले आणि १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मन खिन्न होण्यासारख्या उपद्रवांमुळे ते औषध आज मागे पडले आहे, पण रक्तदाब गोळीने उतरविता येतो ही खात्री पटविणाऱ्या पहिल्या औषधांत त्याची गणना होते. आजची औषधे पुष्कळ सौम्य व स्वस्त आहेत.

मग खरा आकडा कोणता?

एका नोंदीवरून, ती भयंकर चढी असल्याखेरीज, कोणालाही रोगी ठरवू नये आणि निरोगीही ठरवू नये. पांढरा डगला समोर दिसताच काहींचा दाब चढतो आणि घरी तो उतरलेला असतो. याच्या उलट काहींचा दवाखान्यात चांगला भरतो आणि रोजच्या धकाधकीत चढा राहतो. हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो तपासणीत लपून राहतो. यावर उपाय घरच्या नोंदींचा. सात दिवस, सकाळी औषध व न्याहारीपूर्वी आणि रात्री निजण्यापूर्वी, प्रत्येक वेळी दोनदा मोजावे, आलेला प्रत्येक आकडा तारीखवार वहीत टिपावा, पहिला दिवस सोडून द्यावा आणि बाकीच्यांची सरासरी काढावी. आपल्या गृहस्थाची ही सरासरी १३५/८५ च्या आत राहिली तर त्याला तूर्त गोळीची बहुधा गरज नाही, पण दवाखान्यातील १३८/८६ हा सावधगिरीचाच आकडा असल्यामुळे दर वर्षी तपासणी चुकवू नये. ती मर्यादेच्या वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी झालेला हृदयविकार असेल तर हीच मर्यादा डॉक्टर अधिक खाली आणतात.

कमी आकड्याची भीती मात्र अनेकदा अनाठायी असते. ९०/६० च्या आसपास दाब असलेली, चक्कर नाही, थकवा नाही, अशी सडपातळ तरुण माणसे पुष्कळ असतात आणि त्यांना औषधाची जरुरी नसते. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, विशेषतः वृद्धांना आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, तर बसल्यावरचा आणि उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आतला असे दोन दाब मोजून घ्यावेत.

दोन प्रसंगी सरासरीची वाट पाहू नये. आकडा १८०/१२० च्या वर असून त्यासोबत छातीत दुखणे, धाप, बोलताना जीभ अडखळणे, एका अंगाची शक्ती जाणे किंवा दृष्टी धूसर होणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. आणि गरोदर स्त्रीचा दाब १४०/९० अथवा त्यापुढे गेला, तर तिला काही त्रास होत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वाचकांना शेवटची विनंती एवढीच, की डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी ‘आता आकडा चांगला आला’ म्हणून आपल्या अखत्यारात बंद करू नये. तो आकडा बहुतेक वेळा त्या गोळीमुळेच चांगला आलेला असतो. आणि ज्यांनी तिशी ओलांडूनही एकदाही रक्तदाब मोजून घेतलेला नाही, त्यांनी तो या आठवड्यातच मोजून घ्यावा, कारण उच्च रक्तदाब बहुधा वर्षानुवर्षे कोणतीही तक्रार करीत नाही.